शेजारी ठेवलेले दोन तुकडे

३ मार्च

मा. संपादक,
शब्दकोश विभाग, यांस,

आपलं छापील पत्रक आमच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात पोचलं. ‘आपल्या व्यवसायात छटा हा शब्द कोणत्या अर्थाने व कसा वापरतात?’ असा प्रश्न आहे आणि खाली उत्तरासाठी चार रेघा आहेत. मॅनेजरसाहेबांनी ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं, कारण रंगजुळणीचं खातं माझं. गिऱ्हाइकाने दिलेला तुकडा आणि आम्ही रंगवलेला तुकडा शेजारी ठेवायचे आणि जुळले की नाही ते सांगायचं, एवढंच काम मी सत्तावीस वर्षं करते आहे. चार रेघांत ते मावणार नाही, म्हणून वेगळा कागद जोडला आहे.

रंग कोणालाही दिसतो. निळा म्हटलं की निळा. झाक म्हणजे एका रंगातून दुसरा डोकावतो ती. आम्ही म्हणतो, ‘हा निळा हिरवा मारतोय.’ छटा त्याहून बारीक. ती एकट्या तुकड्यात सापडत नाही. दोन तुकडे कडेला कड लावून ठेवले की मधे जी रेघ दिसते, ती छटा. रेघ दिसेनाशी झाली की जुळलं. एखादा माणूस एकच तुकडा हातात धरून ‘याची छटा काय हो?’ असं विचारायला लागला, तर तो आमच्या धंद्यातला नाही हे ओळखावं.

पाहण्याचीही रीत आहे. आधी दिव्यांच्या पेटीत पाहायचं, मग खिडकीतल्या उजेडात. पाच सेकंदांच्या वर बघायचं नाही, कारण जास्त बघितलं की डोळा समजूत घालायला लागतो. आमच्या खोलीत रंगीत काही ठेवत नाहीत. भिंती राखाडी, माझा ॲप्रन राखाडी, लिहायला फक्त काळी शाई. हे पत्रही तिनेच लिहिलं आहे.

एवढी माहिती आपल्याला पुरेल.

आपली विश्वासू,
रंगजुळणी विभागप्रमुख

ता.क. पत्रकाखालची सही मी पाहिली. शेवटच्या अक्षराची ती शेपटी तुला पाटीवर मी गिरवून दिली होती. टिटवी, हे पत्रक तू मुद्दाम पाठवलंस की कारखान्यांच्या यादीतून आपोआप आलं? सांगितलं नाहीस तरी चालेल.

नाही, चालणार नाही. सहा वर्षं झाली.

---

११ मार्च

टिटवी,

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेल्या तीन ओळी. ‘आपले उत्तर उपयुक्त आहे. उदाहरणवाक्ये कमी पडतात. प्रत्यक्ष वापरातील दोन वाक्ये पाठवावीत.’ आपले म्हणे! जिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, ती मला आपण म्हणते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दोघींचाही, हे मला कळतं.

वाक्यं हवीत ना, घे. गेल्या आठवड्यात साहेब माझ्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, ‘छटा सुटलीच कशी?’ हे प्रत्यक्ष वापरातलं आहे, आणि चांगल्या वरच्या पट्टीत वापरलेलं आहे.

झालं असं. एका बस कंपनीच्या ड्रायव्हर-कंडक्टरांच्या जाकिटांचं कापड आम्ही रंगवून दिलं. राखाडी-निळं. माल मोठा, म्हणून दोन खेपांत रंगवला. शिवणाऱ्यांनी पहिल्या खेपेतून अंगं बेतली, दुसरीतून बाह्या. शिवणखान्यात ट्यूबलाइटखाली सगळं एकसारखं दिसलं. मग तीनशे माणसं फोटोसाठी डेपोच्या अंगणात भर उन्हात उभी राहिली, आणि तीनशेही जणांच्या बाह्या शेजारच्याकडून उसन्या आणल्यासारख्या दिसायला लागल्या. अंग निळं, बाह्या हिरवट. फोटो आमच्या ऑफिसात आला आहे. पुढच्या रांगेतला एक जण तर स्वतःच्याच बाहीकडे बघतोय. दुसऱ्या कोणाच्या कारखान्यात झालं असतं तर मी हसून हसून लोळले असते.

माल रंगवला होता मास्तरांनी. मास्तर म्हणजे आमचे रंगाचे मास्तर. माझ्याही आधीपासून इथे आहेत, हळू बोलतात, मला नुसतं ‘बाई’ म्हणतात. आमची पद्धत अशी की ते खेपेतला एक तुकडा कापून माझ्याकडे आणतात. मी पास म्हटलं की माल पुढे जातो.

साहेबांनी आम्हा दोघांना बोलावून विचारलं. मी म्हटलं, ‘मी पाहिला तो तुकडा मला जुळलेला दिसला.’

हे खरं आहे. अक्षर न् अक्षर खरं आहे. यातून साहेबांनी काढायचा तो अर्थ काढला, की बाईंना दाखवलेला तुकडा एक आणि मास्तरांनी पाठवलेला माल दुसरा. तसं मी म्हटलेलं नाही. मास्तर माझ्याकडे बघत राहिले आणि काही बोलले नाहीत. निर्दोष माणूस बोलला नसता का? सत्तावीस तारखेला चौकशी आहे. तोवर त्यांना घरी बसवलंय, आणि चौकशीत दोष त्यांच्यावर आला तर कायमचंच.

माझा यात काही संबंध नाही. तुला वाक्य हवं होतं म्हणून एवढं लिहिलं. हल्ली दोन घासांच्या वर जेवण जात नाही, पण ते हवेमुळे असेल.

ताई

---

१९ मार्च

टिटवी,

कार्ड मिळालं. पुढच्या बाजूला पुन्हा तेच टाइप केलेलं, ‘दुसऱ्या वाक्याची प्रतीक्षा आहे.’ मागच्या बाजूला पेन्सिलीने, तुझ्या हाताने:

‘काळ्या शाईनेच लिहितेस म्हणालीस. दोन्ही पत्रं अर्धी काळी आणि अर्धी निळी आहेत. वाक्याच्या मधेच शाई बदलते. डोळे कोणाला दाखवलेस का?’

वाचून नाकाला मिरच्या झोंबल्या. ही कोण मला डोळ्यांबद्दल सांगणार? अख्खा कारखाना मला डोळेवाली बाई म्हणतो. तुझं कार्ड फाडायला घेतलं आणि मग टेबलावरच्या पेल्यातली पेनं काढली. पाच होती. पाचही काळी. पाचही घेऊन शेजारच्या हिशेबनिसाकडे गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘यात काळी किती?’ तो म्हणाला, ‘तीन. दोन गडद निळी आहेत की! का हो बाई?’ मी म्हटलं, तुमची परीक्षा घेतली. तो हसला. मी खोलीत येऊन दार लावून घेतलं.

परीक्षेवरून सांगते. आमच्याकडे रंग बघणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा डोळ्यांची परीक्षा होते. एका लांबट पेटीत पंच्याऐंशी गोल टिकल्या असतात, एकीपेक्षा दुसरी केसभर वेगळी. त्या विस्कटून द्यायच्या आणि त्याने क्रमाने लावायच्या. मग उलट्या करायच्या, पाठीवर आकडे असतात. आकडे ओळीने आले की पास. ही परीक्षा मी घेते. माझी कोण घेणार? मी विभागप्रमुख झाल्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून कोणाला सुचलं नाही, आणि मीही कधी आठवण करून दिली नाही.

परवा जेवणाच्या सुट्टीत मी ती पेटी काढली. टिकल्या विस्कटल्या आणि लावल्या. तांबड्या सरळ लागल्या. निळ्यांपाशी हात थांबला. टिटवी, सगळ्या सारख्याच होत्या! बारा-चौदा टिकल्या, एकाच ताग्यातून कापल्यासारख्या. अंदाजाने लावल्या. उलटल्या तेव्हा आकडे अडतीस, पन्नास, एक्केचाळीस, सत्तेचाळीस असे कसेही पडले होते. मी खुर्ची ओढून बसले. पुन्हा लावल्या आणि पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा मी आकडे पाठ करून लावायला निघाले होते, म्हणजे बघ. दाराशी कोणाची तरी चाहूल लागली म्हणून पेटी घाईने मिटली.

आता एक सांगते, ते मागच्या पत्रात सांगितलं नव्हतं. मास्तरांनी दुसऱ्या खेपेचा तुकडा आणला त्या दिवशी मी तो दिव्यांच्या पेटीत पाहिला. रेघ दिसली नाही. मी ‘पास’चा शिक्का उचलला. मास्तर म्हणाले, ‘बाई, निळं जरा कमी वाटतंय मला. खिडकीत बघू या का?’ आमच्या रीतीप्रमाणे खिडकीत बघायलाच हवं होतं. पण गेल्या हिवाळ्यापासून खिडकीतला उजेड माझ्या डोळ्यांत घुसतो, पाणी येतं, म्हणून मी खिडकी टाळते. पडदाच ओढलेला असतो. मी त्यांना म्हटलं, ‘रंगवायचं काम तुमचं, बघायचं माझं. माझ्या डोळ्यांपेक्षा तुमचे चांगले झाले का आता?’ चार माणसांसमोर म्हटलं. ते ‘बरं बाई’ म्हणाले आणि तुकडा घेऊन गेले.

त्यांचे चांगले होते.

तुला हे लिहून कळवणं मला सोपं जातं, तू सहा तासांच्या अंतरावर आहेस. साहेबांना कसं सांगू? डोळा गेला तर या बाईत काय उरतं? साहेब रोज विचारतात, ‘बाई, तुमचं म्हणणं तेच आहे ना?’ आणि मी मान हलवते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, आणि तो मी रोज आठ तास दिव्याखाली बसून केला. सत्तावीस तारखेला मास्तरांच्या तीस-पस्तीस वर्षांचं वाटोळं होणार, आणि ते थांबवायला मला एक वाक्य पुरेल. तोंड उघडत नाही. काल आरशासमोर म्हणून पाहिलं, तिथेही उघडलं नाही.

ताई

---

२६ मार्च

टिटवी,

तुझ्या कार्डावर या वेळी टाइप केलेली बाजू कोरीच आहे. मागे फक्त ‘डॉक्टर काय म्हणाले?’ गेले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘पिवळी काच लावून फिरताय तुम्ही, निळं कसं दिसेल?’ कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं, ही म्हण मी मास्तरांवरच किती वेळा वापरली असेल. ऑपरेशनने नीट होतं म्हणाल्या. बऱ्याच जणांचं होतं. ‘बऱ्याच’ म्हणजे किती, ते मी विचारलं नाही.

उद्या चौकशी आहे. आता जेवणाच्या सुट्टीत घाईने लिहिते आहे, डबा तसाच आहे. अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घे.

सकाळपासून माझ्या डोक्यात चौकशी नाही, आई आहे. म्हणून आधी ते लिहिते. हे तुला सांगितलं तर उद्याचं सांगता येईल असं वाटतंय, आणि नाही सांगता आलं तर निदान हे तरी झालं.

सहा वर्षांपूर्वी दवाखान्याच्या बोळात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, ‘ज्यांना बोलावायचं असेल त्यांना आजच बोलावून घ्या.’ आजच. त्यानंतर दहा मिनिटांनी तुझा फोन आला. तू म्हणालीस, ‘ताई, कोशाची शेवटची तपासणी चाललीये, पण टाकून निघू का?’ आणि मी म्हटलं, ‘घाई नाही. सवड झाली की ये.’

तुला सवड चौथ्या दिवशी झाली. तोवर आई गेली होती.

तू दारातच विचारलंस, ‘तू मला काय सांगितलंस?’ आणि मी मामा, मावश्या, सगळ्यांसमोर म्हटलं, ‘ये म्हणून सांगितलं होतं. मी नको म्हटलं होतं का?’ नव्हतं म्हटलं. ते अक्षर न् अक्षर खरं होतं. मग मावशी बोलली, ‘आईपेक्षा पुस्तक मोठं झालं हिला,’ आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मी गप्प बसले. तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि काही बोलली नाहीस, आणि निर्दोष माणूस बोलला नसता का, असं मी तेव्हाही मनाशी म्हटलं. चोराच्या मनात चांदणं असतं ना, तसं.

मला ‘लगेच ये’ आणि ‘सवड झाली की ये’ यातला फरक माहीत नव्हता, असं समजू नकोस. मी बारीक फरकांवरच पोट भरते. का केलं ते सांगते. दोन वर्षं आईचं हगणंमुतणं मी काढलं, आणि शेवटच्या आठवड्यात ती सारखी तुलाच हाक मारत होती. मी उशाशी बसलेली, माझा हात हातात धरलेला, आणि म्हणायची, ‘टिटवी आली का?’ मला वाटलं, दोन दिवस. दोन दिवस ती फक्त माझी असू दे. ती तेवढ्यात जाईल यावर माझा विश्वास बसला नाही, किंवा मी बसू दिला नाही. यातलं कुठलं खरं, ते मला अजून ठरवता येत नाही.

तिने शेवटीही तुझंच नाव घेतलं. हे मी तुला सहा वर्षं सांगितलं नाही. ते तुझं होतं आणि मी ठेवून घेतलं.

घंटा झाली.

ताई

---

२८ मार्च

टिटवी,

हे पत्र पेन्सिलीने लिहिते आहे, म्हणजे शाईची भानगडच नको.

चौकशीला आम्ही सहा जण होतो. साहेब, कारखान्याचे दोघे वरिष्ठ, बस कंपनीचा माणूस, मास्तर आणि मी. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. साहेबांनी मला विचारलं, ‘बाई, तुमचं म्हणणं?’ माझ्या तोंडातून निघालं, ‘मी पाहिला तो तुकडा...’ आणि पुढे येईना. साहेब म्हणाले, ‘जुळलेला दिसला. बरोबर?’ त्यांनी वाक्य पुरं करून हातात दिलं होतं. मला नुसती मान हलवायची होती.

मी उठले आणि टेबलावरचं एक जाकीट उचललं. माझ्या खोलीत चला म्हटलं. सगळे कुरकुरत आले. मी खिडकीचा पडदा बाजूला सारला, किती महिन्यांनी कोण जाणे, धूळ उडाली, उजेड असा आत आला की माझ्या डोळ्यांना धार लागली. जाकिटाची बाही मी अंगावर दुमडली, कडेला कड लावून, आणि म्हटलं, ‘बघा. मधे रेघ दिसते ना?’

बस कंपनीचा माणूस म्हणाला, ‘रेघ कसली, बांधच आहे.’ सगळ्यांना दिसली.

मी म्हटलं, ‘मला दिसत नाही.’

कोणाला कळेचना. साहेब म्हणाले, ‘म्हणजे?’

‘म्हणजे मला आत्ता, इथे, या उजेडातही दिसत नाही. तेव्हाही दिसली नव्हती. मास्तरांना दिसली होती. त्यांनी खिडकीत बघू या म्हटलं आणि मी त्यांना चार माणसांत गप्प बसवलं. मी पाहिला तोच तुकडा मालाचा होता. चूक माझी आहे. साहेब, मी त्या दिवशी तुम्हाला खोटं बोलले. शब्द खरे होते, पण मी खोटं बोलले.’

मग मी रडले. उजेडामुळे आधीच पाणी वाहत होतं, त्यामुळे कोणाला नेमकं कळलं नसावं. मास्तरांना कळलं असेल, त्यांना सगळंच दिसतं. मी त्यांना म्हटलं, ‘मास्तर, तुम्ही बोलला का नाहीत?’ ते त्यांच्या हळू आवाजात म्हणाले, ‘तुमच्या डोळ्यांपुढे माझ्या डोळ्यांचं कोण ऐकणार होतं, बाई?’ रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

ते सोमवारपासून कामावर येणार आहेत. माझं अजून ठरायचंय. खातं काढून घेतलं आहे, शिक्का मी स्वतःच मास्तरांच्या हातात दिला. ऑपरेशननंतर पेटीतल्या टिकल्या लावून दाखवायच्या, आणि परीक्षा मास्तर घेणार. जमलं तर बघू, म्हणाले साहेब.

आज दवाखान्यात जाऊन तारीख घेतली. डॉक्टरीणबाईंनी एक कागद भरायला दिला. त्यावर ‘सोबत येणाऱ्या नातेवाइकाचे नाव’ अशी ओळ आहे. खिडकीपाशी बसलेली बाई म्हणाली, ‘कोणीतरी हवंच, त्याशिवाय घेत नाहीत.’ मी न विचारता तुझं नाव लिहिलं. तू नाही म्हणालीस तर खोडेन. मला एकटीला धडधडतंय, टिटवी. पट्टी सोडल्यावर पहिल्यांदा कोण दिसणार, कोणता रंग दिसणार, की काहीच दिसणार नाही, हेच दिवसभर डोक्यात चालतं. तू आलीस आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस तरी मला चालेल. या वेळी खरंच चालेल.

तुझ्या कोशाला दुसरं वाक्य द्यायचं राहिलंय. प्रत्यक्ष वापरातली दोन हवी होती ना, साहेबांचं ते खोडून टाक आणि ही घे.

एक, सहा वर्षांपूर्वीचं: ‘घाई नाही. सवड झाली की ये.’

दुसरं, आजचं: ‘आठ एप्रिलला सकाळी ऑपरेशन आहे, मला भीती वाटते, सात तारखेला ये.’

शेजारी ठेवून बघ.

ताई